रीड हेस्टिंग्ज : टपालाच्या डीव्हीडीपासून घरच्या पडद्यापर्यंत

रीड हेस्टिंग्ज (जन्म १९६०, बोस्टन) हे गणिताचे पदवीधर. १९९७ साली त्यांनी मार्क रँडॉल्फ यांच्यासह कॅलिफोर्नियात नेटफ्लिक्स कंपनी काढली. टपालाने घरपोच डीव्हीडी, ठरावीक मासिक वर्गणी आणि उशिराचा दंड नाही, हा हिशेब ग्राहकांना पटला. हा धंदा जोरात असतानाच २००७ मध्ये त्यांनी इंटरनेटवरून चित्रपट दाखवणे सुरू केले. २०११ साली दोन्ही सेवांचे दर वेगळे करताच एका तिमाहीत अमेरिकेतील सुमारे ८ लाख ग्राहक गेले. डीव्हीडी वेगळ्या नावाने चालवण्याचा बेत मागे घ्यावा लागला. इंटरनेटची वाट मात्र त्यांनी सोडली नाही. २०१६ मध्ये ही सेवा भारतात आली. २०२३ मध्ये टपालाची डीव्हीडी कायमची थांबली. चालत्या धंद्याला स्वतःच पर्याय उभा करण्याचे हे धाडस आम्हांला नोंद घेण्याजोगे वाटते.