ऑक्सिजन कमी झाला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्या का?

विमानाने थेट लेहला उतरणाऱ्या पर्यटकांना पहिले एक-दोन दिवस नुसती विश्रांती घ्यायला सांगतात. जन्मानंतर निळ्या पडलेल्या काही बाळांना व्हेंटिलेटरमधून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू देतात. वरवर पाहता या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीच संबंध नाही. पण दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या कधी उघडतात आणि कधी आकसतात?

बाकी शरीराच्या उलटा नियम

हृदयाची उजवी बाजू दर मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फुप्फुसांकडे पाठवते. फुप्फुसांत कोट्यवधी वायुकोश, म्हणजे हवेच्या इवल्याशा पिशव्या असतात आणि प्रत्येकीभोवती केशवाहिन्यांचं जाळं असतं. हवा आणि रक्त एकाच ठिकाणी पोहोचले तरच देवाणघेवाण होते. जिथे हवा नाही तिथे गेलेलं रक्त ऑक्सिजन न घेताच परत फिरतं आणि पुढे शुद्ध रक्तात मिसळतं.

शरीराच्या इतर भागांत ऑक्सिजन कमी पडला की रक्तवाहिन्या रुंदावतात. धावताना पायांच्या स्नायूंना जास्त रक्त मिळतं ते त्यामुळेच. फुप्फुसात मात्र नेमकं उलट होतं. ज्या भागात ऑक्सिजन कमी, तिथली रक्तवाहिनी आकसते आणि रक्त चांगली हवा असलेल्या भागाकडे वळतं.

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतले उल्फ फॉन ऑयलर आणि योरान लिल्येस्ट्रांड यांनी १९४६ मध्ये मांजरांवर केलेल्या प्रयोगांतून हे दाखवून दिलं. मांजरांना कमी ऑक्सिजनची हवा दिली की फुप्फुसाच्या धमनीतला रक्तदाब वाढत होता. फॉन ऑयलर यांना पुढे १९७० मध्ये नोबेल मिळालं, पण ते मज्जातंतूंच्या संदेशवहनावरच्या वेगळ्या कामासाठी.

रक्तवाहिनीला हे कळतं कसं?

यासाठी मेंदूच्या आदेशाची गरज नसते. शरीराबाहेर काढून प्रयोगशाळेत ठेवलेल्या फुप्फुसातही ही प्रतिक्रिया दिसते. रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायूपेशी असतात. ऑक्सिजन घटल्याचं सर्वांत आधी त्यांच्यातल्या मायटोकाँड्रियांना, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रांना जाणवतं, असं मानलं जातं. मग पेशीच्या आवरणातले पोटॅशियमचे मार्ग बंद होतात, कॅल्शियम आत शिरतं आणि स्नायू आकसतो.

न्यूमोनियात फुप्फुसाचा एक भाग पू आणि द्रवाने भरतो, तेव्हा हाच नियम उपयोगी पडतो. तिथलं रक्त कमी झाल्याने शरीरातला ऑक्सिजन फार खाली येत नाही. छातीच्या काही शस्त्रक्रियांत एका फुप्फुसाची हवा मुद्दाम बंद ठेवतात. तेव्हाही त्या बाजूच्या वाहिन्या आपोआप आकसतात आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांचं काम थोडं सोपं होतं.

नायट्रिक ऑक्साइड काय करतो?

आकसण्याची यंत्रणा आहे तशी सैल करण्याचीही हवी. ते काम बऱ्याच अंशी नायट्रिक ऑक्साइड करतो. (भूल देताना वापरला जाणारा 'हसवणारा वायू' म्हणजे नायट्रस ऑक्साइड. तो वेगळा.) रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातल्या पेशी आर्जिनिन हे अमिनो आम्ल आणि ऑक्सिजन वापरून हा वायू तयार करतात. तो शेजारच्या स्नायूपेशीत झिरपतो, तिथे जीएमपी नावाच्या रेणूचा एक प्रकार वाढवतो आणि स्नायू सैलावतो. हा वायू बनायलाच ऑक्सिजन लागतो, हे इथे महत्त्वाचं.

अस्तरातून असं काहीतरी स्रवतं हे अमेरिकेतले रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवलं. नायट्रोग्लिसरीनसारखी औषधं नायट्रिक ऑक्साइड सोडतात हे फेरिड मुराद यांनी त्याआधीच ओळखलं होतं. अस्तरातला पदार्थ तोच वायू आहे हे उलगडण्यात लुई इग्नारो यांचा मोठा वाटा होता. तिघांना १९९८ मध्ये नोबेल मिळालं. योगायोग असा, की डायनामाइटसाठी नायट्रोग्लिसरीन वापरणाऱ्या आल्फ्रेड नोबेल यांना उतारवयात हृदयविकारासाठी डॉक्टरांनी तेच सुचवलं होतं.

पहिला श्वास घेताना काय घडतं?

गर्भात बाळाला ऑक्सिजन वारेतून मिळतो. फुप्फुसं द्रवाने भरलेली असतात, तिथला ऑक्सिजन कमी असतो आणि वाहिन्या आकसलेल्या असतात. बहुतेक रक्त एका जोडवाहिनीतून फुप्फुसांना वळसा घालून पुढे जातं.

पहिल्या श्वासाबरोबर चित्र पालटतं. फुप्फुसं फुगतात, ऑक्सिजन वाढतो, नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि फुप्फुसातल्या वाहिन्या उघडतात. गंमत म्हणजे तोच वाढलेला ऑक्सिजन जोडवाहिनीला मात्र आकसायला लावतो. पुढच्या काही दिवसांत वळशाचा हा रस्ता बंद होतो.

काही बाळांत फुप्फुसातल्या वाहिन्या उघडतच नाहीत. रक्त जुन्याच रस्त्याने जात राहतं आणि ऑक्सिजन देऊनही बाळ निळं पडतं. अशा वेळी श्वासातून नायट्रिक ऑक्साइड देतात. अमेरिकेत या उपचाराला डिसेंबर १९९९ मध्ये मान्यता मिळाली. मात्रा असते हवेच्या दहा लाख भागांत साधारण २० भाग.

औषध शिरेतूनच का देत नाहीत?

शिरेतून दिलेलं वाहिन्या सैल करणारं औषध सगळीकडे पोहोचतं. त्यामुळे शरीराचा रक्तदाब उतरतो. शिवाय हवा नसलेल्या भागातल्या वाहिन्याही उघडतात आणि ऑक्सिजन आणखी घसरू शकतो. श्वासातून दिलेला वायू मात्र हवा पोहोचते तिथेच पोहोचतो. रक्तात शिरताच हिमोग्लोबिन त्याला पकडून निष्प्रभ करतं, म्हणून त्याचा परिणाम फुप्फुसापुरता राहतो.

तरीही हे सर्वांसाठीचं औषध नाही. फुप्फुसं गंभीरपणे निकामी झालेल्या प्रौढांत त्याने ऑक्सिजन काही काळ सुधारतो, पण मृत्यू कमी झाल्याचं चाचण्यांत दिसलेलं नाही. ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचा विषारी नायट्रोजन डायऑक्साइड बनतो, म्हणून सतत मोजमाप लागतं. तो एकदम बंदही करता येत नाही, हळूहळू कमी करावा लागतो. उपचार महागही आहे. तो उपलब्ध नसतो तिथे सिल्डेनाफिल वापरतात. व्हायग्रामधलं हे औषध सैलावण्याचा तो संदेश लवकर पुसला जाऊ देत नाही.

डोंगरावर हाच नियम उलटतो

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो. आता ऑक्सिजन फुप्फुसाच्या एका भागात नव्हे, सगळीकडेच कमी असतो. रक्त वळवायला चांगली जागाच उरत नाही. वाहिन्या आकसतात आणि फुप्फुसातला रक्तदाब वाढतो. काही जणांत हे आकसणं फार तीव्र आणि असमान असतं. ज्या वाहिन्या कमी आकसल्या त्यांच्यातून रक्त जोरात धावतं, केशवाहिन्यांवर ताण येतो आणि वायुकोशांत पाणी झिरपतं. तरुण, धडधाकट माणसालाही हे होऊ शकतं आणि ते जीवघेणं ठरू शकतं.

१९६२ च्या युद्धकाळात सैनिकांना सपाटीवरून घाईने हिमालयात न्यावं लागलं, तेव्हा हा आजार मोठ्या प्रमाणावर दिसला. भारतीय लष्करातले डॉक्टर इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये त्यावर लिहिलेला लेख आजही उद्धृत होतो. उलट पिढ्यानपिढ्या उंचीवर राहिलेल्या तिबेटी लोकांत हे आकसणं खूप सौम्य आढळलं आहे आणि त्यांच्या उच्छ्वासात नायट्रिक ऑक्साइड जास्त असतो.

फुप्फुसांचा जुनाट आजार असलेल्यांत हीच प्रक्रिया वर्षानुवर्षं चालते. विडी-सिगारेट किंवा चुलीच्या धुराने फुप्फुसं खराब होतात, ऑक्सिजन कायम कमी राहतो, वाहिन्यांच्या भिंती जाड होतात आणि शेवटी हृदयाची उजवी बाजू थकते.

गुणगुणल्याने नायट्रिक ऑक्साइड वाढतो का?

'भ्रामरी करा, नायट्रिक ऑक्साइड १५ पट वाढवा' अशा रील्स तुम्ही पाहिल्या असतील. यातला आकडा खरा आहे. नाकाभोवतीच्या पोकळ्यांत हा वायू बनतो आणि गुणगुणताना तो बाहेर ढकलला जातो. नाकातून बाहेर पडणाऱ्या हवेत तो सुमारे १५ पट मोजला गेला, असं २००२ मधल्या स्वीडनच्या अभ्यासात दिसलं. पण ही मोजणी नाकातल्या हवेची होती. त्यावरून फुप्फुसाचा आजार बरा होतो असं सिद्ध होत नाही.

उंचीवर गेल्यावर लक्षात ठेवायची गोष्ट साधी आहे. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. बसल्या जागी धाप लागली, खोकला वाढला, गुलाबी फेस पडू लागला, तर सकाळची वाट न पाहता ऑक्सिजन घ्या, डॉक्टर गाठा आणि खाली उतरा.