सोराबजी, कॉर्नेलिया

(१५ नोव्हेंबर १८६६ – ६ जुलै १९५४). भारतातील आद्य महिला विधिज्ञ व लेखिका. जन्म नाशिक येथे. वडील सोराबजी खरसेटजी पारशी धर्मातून ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात मुलींसाठी शाळा काढल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून कॉर्नेलिया मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. स्त्री असल्याने सरकारी शिष्यवृत्ती नाकारली गेली, तेव्हा इंग्लंडमधील हितचिंतकांनी निधी जमवला आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल महाविद्यालयात दाखल झाल्या. १८९२ मध्ये त्यांनी बी.सी.एल. ही कायद्याची परीक्षा दिली. ती देणाऱ्या त्या पहिल्या महिला. मात्र पदवी मिळाली ती १९२२ मध्ये.

मुंबई विद्यापीठाची एल्एल.बी. (१८९७) आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा (१८९९) उत्तीर्ण होऊनही सनद मिळाली नाही. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली. परपुरुषासमोर न येणाऱ्या पडदानशीन जमीनदार स्त्रिया व अज्ञान वारस यांच्या मालमत्तेचे हक्क त्यांनी जपले. १९०९ मध्ये कैसर-इ-हिंद सुवर्णपदक मिळाले.

भारतात स्त्रियांच्या वकिलीवरील बंदी १९२३ च्या कायद्याने उठली. त्यानंतर सोराबजींनी कलकत्त्यात वकिली केली. ब्रिटिश राजवटीचे समर्थन आणि गांधीजींना विरोध यांमुळे त्या टीकेच्या धनी झाल्या. इंडिया कॉलिंग (१९३४) हे त्यांचे आत्मचरित्र. लंडन येथे त्यांचे निधन झाले.