वृत्ताची उदाहरणे आणि स्वामित्वहक्क

माधव जूलियन यांना 'छंदोरचने'साठी मुंबई विद्यापीठाने १९३८ साली डी.लिट. दिली, मराठीतील ही पहिलीच. हा ग्रंथ उदाहरणांवाचून उभाच राहिला नसता. वृत्त दाखवायचे तर ओळ द्यावी लागते, आणि ओळ कोणाची तरी असते. संत-पंडितांच्या पद्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो आधुनिकांच्या ओळींचा. १९१४ च्या कायद्याने १९११ चा ब्रिटिश कायदा येथे लागू केला होता, आणि त्यात अभ्यास, संशोधन व टीका यांसाठी केलेल्या रास्त व्यवहाराला मोकळीक होती. छंदःशास्त्राला तेवढी पुरेशी होती.

१९५७ च्या कायद्यातील बावन्नाव्या कलमाने ती अधिक स्पष्ट केली: टीका त्याच कृतीची असो वा अन्य कृतीची. तुलनात्मक अभ्यासाच्या दृष्टीने हे शब्द मोलाचे आहेत, पण प्रबंधांच्या चर्चेत ते क्वचितच आठवले जातात. किती ओळी घ्याव्यात याचा आकडा कायद्यात कोठेही नाही. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ साली सिव्हिक चंद्रन यांच्या प्रतिनाटकाच्या खटल्यात तीन गोष्टी पाहिल्या: घेतलेला मजकूर व त्यावरील भाष्य यांचे प्रमाण, घेण्याचा हेतू, आणि मूळ कृतीशी स्पर्धेची शक्यता. म्हणजे आठ ओळींची कविता पूर्ण उद्धृत करून तिचे सविस्तर विश्लेषण करणारा अभ्यासक, परिशिष्टात भाष्यावाचून चाळीस कविता छापणाऱ्यापेक्षा सुरक्षित ठरतो. मग त्याच्या अवतरणांची टक्केवारी काहीही भरो.

हा भेद पूर्वी फारसा जाणवत नसे. टंकलिखित प्रबंधाच्या मोजक्या प्रती ग्रंथालयात पडून राहत आणि कलिन्याला गेल्याखेरीज त्या पाहायला मिळत नसत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत बंधनकारक केली. पुढे 'शोधगंगा' आली, आणि विरारजवळच्या फुलपाड्यातला विद्यार्थीही घरबसल्या प्रबंध उघडू लागला. परीक्षकांपुरते असलेले लेखन जवळजवळ प्रकाशन झाले. त्याबरोबर आलेल्या धास्तीने अवतरणेच छाटली, तर काव्यसमीक्षा कवितेविनाच करावी लागेल. ही धास्ती कायद्याच्या शब्दांपेक्षा मोठी आहे.

मुदतीचा हिशेब मात्र टाळता येत नाही. रवींद्रनाथांच्या (मृत्यू १९४१) साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपणार म्हणून १९९२ च्या दुरुस्तीने मृत्यूनंतरची पन्नास वर्षे साठ केली. माधव जूलियन १९३९ साली वारले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली कविता १९९० च्या प्रारंभीच मुक्त झाली होती, तिला ही वाढ लागली नाही. मर्ढेकरांना (मृत्यू १९५६) ती लागली. जुन्या मुदतीने त्यांची हयातीत छापलेली कविता २००७ च्या आरंभी खुली झाली असती. ती झाली १ जानेवारी २०१७ रोजी. त्यांचे संग्रह परिशिष्टात सबंध जोडणाऱ्या प्रबंधाला २०१६ च्या डिसेंबरात वारसांची परवानगी लागली असती, महिन्याभराने नाही.