ऋतुपर्णाचें फलगणन

थोड्यांवरून सर्वांचा अदमास बांधण्याच्या विद्येचा प्राचीन दाखला म्हणून नलोपाख्यानाकडे बोट दाखविलें जातें. इयन हॅकिंग यांनीं १९७५ सालच्या आपल्या ग्रंथांत असें सुचविलें कीं, ऋतुपर्ण राजानें एकच डहाळी पाहून दोन मोठ्या शाखांवरील पानें व फळें अनुमानिलीं. कल्पना मोहक खरी. पण मूळ संहिता काय म्हणते?

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सित आवृत्तींत हा प्रसंग आरण्यकपर्वाच्या ७० व्या अध्यायांत येतो. विदर्भाच्या वाटेवर राजाला बेहड्याचा वृक्ष दिसतो, व तो रथांतूनच सांगतो कीं, दोन शाखांवर ५ कोटि पानें व २०९५ फळें आहेत. डहाळी हातीं घेतल्याचा उल्लेख नाहीं. प्रशाखांचा आहे, परंतु त्या बाहुकानें पडताळाव्या म्हणून दाखविलेल्या, राजानें तपासलेल्या नव्हेत. २०९५ हा ५ व ४१९ यांचा गुणाकार आहे. तेव्हां डहाळीमागें ५ फळें धरलीं असतील, असें कोणी म्हणेल. मग ४१९ डहाळ्या कोणीं मोजल्या? (पानांच्या ५ कोटींविषयीं न बोललेलेंच बरें!)

बाहुक वृक्ष पाडून फळें मोजतो, तों तीं नेमकीं तितकींच भरतात. अदमासांत थोडी चूक गृहीतच असते. येथें तिला जागाच ठेवलेली नाहीं. शिवाय बेहड्याचीं फळें हेच प्राचीन द्यूतांतील अक्ष, आणि राजा अक्षहृदय व संख्यान यांचा उच्चार एकत्रच करतो. म्हणून ही विद्या दृष्टिक्षेपांत मोजण्याची होती, नमुन्यावरून ताडण्याची नव्हे, असें मला वाटतें.