डोंगरातल्या सायकल शर्यतीला जाताना: निघण्याआधी, पडल्यावर आणि परतीच्या गाडीत

नांदेड आणि लातूरमध्ये पहाटे सायकल चालवणाऱ्यांचे गट आता नवे राहिलेले नाहीत. रोज तीस-चाळीस किलोमीटर व्हायला लागले की पुढची इच्छा डोंगराची होते. कुणाला सह्याद्रीतल्या घाटात जायचे असते. कुणाला उड्या, वळणे आणि खडकाळ उतार मुद्दाम बांधलेल्या माउंटन बाइक पार्कमध्ये चालवून बघायचे असते. कुणाला हिमाचलातल्या 'एमटीबी हिमालय'सारख्या शर्यतीत नाव द्यायचे असते. २००५ साली सुरू झालेली ही शर्यत अनेक दिवस चालते. घरच्यांचा प्रश्न मात्र एकच असतो: "झेपेल का?"

दम आणि पाय सरावाने तयार होतात. आपल्याकडे तयारी कमी पडते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे उतार. दुसरे म्हणजे पडल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस, आणि हे दिवस बहुतेक वेळा परतीच्या प्रवासातच जातात. म्हणून हा लेख जाणाऱ्याइतकाच त्याच्यासोबत असणाऱ्यांनीही वाचावा.

आधी डॉक्टरांना कोणी भेटावे

विशीतला निरोगी मुलगा किंवा मुलगी असेल तर साधी तपासणी, हिमोग्लोबिन आणि धनुर्वाताच्या लसीची चौकशी पुरते. मुलींच्या बाबतीत हिमोग्लोबिन टाळू नका. चढावर लवकर दम लागतो म्हणून सराव वाढवत राहायचे आणि खरे कारण रक्त कमी असणे हे निघायचे, असे अनेकदा होते. लोहाच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, त्यामुळे ही तपासणी निघायच्या आठवड्यात नव्हे, दोन-तीन महिने आधी करा.

चाळिशी ओलांडलेली असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तंबाखूची सवय असेल किंवा घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर ईसीजी आणि गरजेप्रमाणे ट्रेडमिल टेस्ट करून घ्या. विश्रांतीत काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे सगळे ठीक, असे मात्र समजू नका. चढावर छातीत दडपण येणे, जबडा किंवा डावा हात भरून येणे, श्रम चालू असताना डोळ्यांपुढे अंधारी येणे यांपैकी काहीही एकदा जरी झाले असेल तरी ते डॉक्टरांना सांगा. "दाखवले तर जाऊ देणार नाहीत" या भीतीने लपवलेल्या लक्षणांचीच आम्हा डॉक्टरांना जास्त काळजी वाटते.

मधुमेहाच्या गोळ्या सगळ्या सारख्या नसतात. नुसती मेटफॉर्मिन असेल तर साखर एकदम खाली जाण्याची शक्यता कमी असते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन असेल तर तीन-चार तासांच्या सायकलिंगमध्ये साखर घसरू शकते, आणि त्याच रात्री झोपेतही घसरू शकते. डोसमध्ये किती बदल करायचा हे तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो बदल घराजवळच्या सरावात आधी करून पाहा. निघताना साखर ९०च्या खाली असेल तर आधी काही खा. २५०च्या वर असेल आणि मळमळ, पोटदुखी किंवा लघवीत कीटोन असतील तर त्या दिवशी सायकलला हात लावू नका. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेत असाल तर ते मुद्दाम सांगा. ही औषधे लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर टाकतात. लांबच्या श्रमात, कमी खाणेपिणे झाले तर त्यांचा त्रास होऊ शकतो. इन्सुलिन तापलेल्या गाडीत राहू देऊ नका, आणि हिमाचलात ते रात्री गोठूही देऊ नका.

अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू असतील, वॉरफरिनसारखे औषध चालू असेल, किंवा गेल्या काही महिन्यांत फिट आलेली असेल, तर सपाट रस्त्यावर सायकल चालवण्याविषयी डॉक्टरांशी बोलता येईल. खडकाळ उताराची शर्यत मात्र नको. इथे मला दुसरे मत दिसत नाही. शर्यतीसाठी गोळ्या चार दिवस बंद ठेवणे हा तर उपायच नव्हे. स्टेंट त्यामुळे बंद पडू शकतो.

सराव चढाचा होतो, माणूस पडतो उतारावर

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत खंडाळ्याचा घाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटांचा राजा' म्हणतात. कौतुक चढाचे होते हे खरे. पण माउंटन बाइकवरच्या मोठ्या दुखापती वेगात, म्हणजे उतरताना होतात, आणि त्यातही दिवसाच्या शेवटी, हात थकलेले असताना. पुढचा ब्रेक एकदम दाबला की माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो.

आपल्या सपाट काळ्या मातीच्या मुलखात उताराचा सराव आपोआप होत नाही, तो शोधावा लागतो. नांदेडकरांना माहूर-किनवटकडचा डोंगराळ भाग आहे. लातूरकरांना बालाघाटाचे चढउतार आहेत, उदगीरजवळचे हत्तीबेट आहे. निदान सहा-आठ आठवडे, आठवड्यातून एकदा तरी उतरण्याचाच सराव करा: कंबर मागे, दोन्ही ब्रेकवर सारखा आणि हलका दाब, नजर चाकाखाली नव्हे तर पुढच्या वळणावर. पार्कमध्ये पोहोचल्यावर पहिला फेरा सर्वांत सोप्या वाटेवर मारा, आणि शर्यतीच्या वाटेवर एकदा पायी चालून या. वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, पण वाळूचे वळण आणि सुटा दगड चालतानाच कळतो.

उन्हाळ्यात सराव सकाळी आठच्या आत संपवा. तहान लागेल तसे पाणी प्या. दोन तासांहून लांबच्या फेरीत नुसते पाणी लिटरच्या लिटर पिऊ नका, कारण रक्तातले मीठ कमी होऊन गुंगी आणि उलट्या होऊ शकतात. ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळा. खायला खजूर, शेंगदाण्याची चिक्की, गूळपोळी चालते. शर्यतीच्या दिवशी नवी पावडर, नवे जेल, नवे काहीच नको. पायदुखीसाठी निघण्याआधीच डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घ्यायची सवय अनेकांना असते. घाम गाळत असताना या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

उंची

महाबळेश्वर, पाचगणी समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या आत आहेत. तिथे उंचीचा आजार होत नाही. तिथे दम लागला तर कारण दुसरे शोधा. शिमला सुमारे २,२०० मीटरवर आहे, तिथेही सहसा त्रास होत नाही. साधारण २,५०० मीटरच्या वर मुक्काम असेल तेव्हा प्रश्न सुरू होतो: डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर उजाडण्याची वाट न पाहता त्याला खाली आणा.

या त्रासासाठी अॅसिटाझोलामाइड नावाची गोळी अनेक जण विचारतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती चालते, पण शर्यतीत उतरणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी: जागतिक उत्तेजकविरोधी यादीत हे औषध बंदीच्या वर्गात आहे.

इन्सुलिनही त्या यादीत आहे. मधुमेही खेळाडूला त्यासाठी वैद्यकीय सवलतीचा अर्ज आधीच करावा लागतो. आपल्याकडे हे काम राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे 'नाडा' पाहते. ट्रामाडॉल हे वेदनाशामक १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात निषिद्ध आहे, आणि ते पॅरासिटामॉलसोबतच्या जोडगोळ्यांतही असते. दम्याचा सालब्युटामॉलचा पंप ठरलेल्या मर्यादेत चालतो. गावातल्या स्नेहमेळाव्यात तुमची तपासणी होणार नाही. अधिकृत शर्यतीत होऊ शकते. मित्राच्या पिशवीतली गोळी घेण्याआधी तिच्यावरचे नाव वाचा.

पडल्यावर काय बघायचे

बहुतेक वेळा खरचटण्यावर निभावते. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा आणि माती-खडे निघू द्या. हळद, चुना, कॉफीची पूड नको. नंतर तेच खरवडून काढावे लागते. धनुर्वाताचे इंजेक्शन आपल्याकडे दर खरचटीला घेतले जाते, त्याची गरज नसते. लहानपणीच्या लसी पूर्ण असतील तर मातीने भरलेल्या जखमेसाठी शेवटच्या डोसला पाच वर्षे उलटली असतील तरच पुन्हा घ्यावे लागते. त्यासाठी शेवटच्या डोसची तारीख मात्र लिहून ठेवलेली हवी.

पडताना हात पुढे जातो, म्हणून मनगट आणि गळ्याखालचे आडवे हाड, म्हणजे कॉलरबोन, यांना मार बसतो. अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा दिसतो, तिथे दाबून दुखत असेल तर पहिला एक्स-रे नॉर्मल आला तरी मनगट पट्टीत ठेवा आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा दाखवा. तिथले स्कॅफॉइड हाड मोडल्याचे सुरुवातीला अनेकदा दिसत नाही, आणि दुर्लक्ष झाले तर ते जुळत नाही.

सर्वांत फसवी दुखापत पोटाची. हँडलचे टोक बरगड्यांखाली घुसते. बाहेर फक्त गोल लालसर ठसा दिसतो, माणूस उठून चालू लागतो. आत प्लीहा, यकृत किंवा स्वादुपिंडाला इजा झालेली असू शकते, आणि रक्तस्राव काही तासांनी, कधी काही दिवसांनी वाढतो. पोटदुखी वाढत जाणे, खांद्याला मार नसताना डाव्या खांद्याच्या टोकाशी दुखणे, उलट्या, उभे राहिल्यावर गरगरणे, घाम सुटून अंग गार पडणे यांपैकी काहीही दिसले तर सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच जा. लहान मुलांच्या बाबतीत पोटावर ठसा दिसला की त्याच दिवशी दाखवा. हँडलच्या दोन्ही टोकांना रबराच्या किंवा प्लास्टिकच्या टोप्या असतात. त्या निघून पडलेल्या असतील तर निघण्याआधी नव्या बसवा.

डोक्याला मार बसला असेल तर हेल्मेट फुटले नाही म्हणून निर्धास्त राहू नका. बेशुद्धी, पडल्याचे न आठवणे, पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, झोपेतून नीट न उठणे, झटका, हातापायात कमजोरी ही ताबडतोब रुग्णालयात नेण्याची लक्षणे आहेत. रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्याला डोक्याला मार लागल्यावर लक्षणे नसली तरी दाखवावे. नुसते भांबावलेपण असले तरी त्या दिवशीची शर्यत संपली. नंतर एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू हालचाल, आणि डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय उतारावर परत नाही. मार बसलेले हेल्मेट पुन्हा वापरू नका.

परतीचा प्रवास

हे घरच्यांसाठी आहे. सचखंड एक्स्प्रेसने अंबाल्याहून नांदेडला यायला एक दिवसाहून जास्त लागतो. लातूरकरांचा प्रवास पुण्या-मुंबईहून असला तरी रात्र गाडीतच जाते. वर सांगितलेली पोटाची आणि डोक्याची लक्षणे नेमकी याच तासांत वाढू शकतात, आणि "दमला आहे, झोपू द्या" म्हणून ती निसटतात. मोठा मार बसला असेल तर चोवीस तास तिथेच थांबा, मग निघा. तिकीट बुडाले तर बुडू द्या. पडलेल्या माणसाला एकटे पाठवू नका आणि वरचा बर्थ देऊ नका. झोपल्यावर दर दोन तासांनी उठवून त्याच्याशी एक वाक्य बोला. गाडीत बिघडले तर १३९ वर फोन करा. पुढच्या स्थानकावर डॉक्टरांची मदत मागता येते.

२०१५ साली 'रेस अॅक्रॉस अमेरिका' पूर्ण करणारे नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन, किंवा २०१७ मध्ये ती एकट्याने पूर्ण करणारे नागपूरचे डॉ. अमित समर्थ, हे स्वतः डॉक्टर. तरीही अशा शर्यतीत स्वाराच्या मागे पथक असते, कारण थकलेल्या माणसाला आपली अवस्था कळत नाही. तुमच्या मागे गाडी नसेल, पण एक माणूस हवा. त्याच्या खिशात एक कागद द्या: रक्तगट, चालू औषधे, अॅलर्जी, धनुर्वाताच्या डोसची तारीख, घरचा क्रमांक, आणि शर्यतीच्या ठिकाणाजवळ सीटी स्कॅन कुठे होतो ते. महाराष्ट्रात आणि हिमाचलातही रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८ आहे. डोंगरात रेंज नसते, म्हणून आयोजकांची रुग्णवाहिका कुठे उभी राहणार हे आदल्या दिवशी विचारा. रुग्णवाहिका नाही असे उत्तर आले, तर त्या शर्यतीत उतरू नका.

आरोग्य विम्याची पॉलिसीही उघडून पाहा. साहसी खेळात व्यावसायिक म्हणून भाग घेतल्यास झालेली दुखापत बहुतेक पॉलिसींत वगळलेली असते. हौशी खेळाडूंविषयी काय लिहिले आहे ते कंपनीला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. आयुष्मान कार्ड असेल तर ते परराज्यातल्या योजनेतील रुग्णालयातही चालते. ते सोबत घ्या.

घरी परतल्यावर पुढच्या दोन आठवड्यांत पोट, डोके किंवा मनगट पुन्हा दुखू लागले तर विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात, लातूरच्या शासकीय वैद्यकीय संस्थेत किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाताना पहिल्या वाक्यातच सांगा: "मी अमुक तारखेला सायकलवरून पडलो होतो." वयस्कर माणसाच्या डोक्यात हळू साठणारे रक्त कधी तीन-चार आठवड्यांनीही लक्षात येते, आणि तोवर ते पडणे घरातले सगळे विसरलेले असतात.