बाग-ट्रॅक्टरवरील घरगुती यारी

बाग-ट्रॅक्टरवरील यारी हे छोट्या ट्रॅक्टरच्या मागे जोडून ओझी उचलण्यासाठी वापरले जाणारे साधन आहे. लाकडाचे ओंडके, मोठे दगड, मुळांसकट काढलेली झाडे किंवा दुरुस्तीसाठी उतरवलेले इंजिन उचलून थोड्या अंतरावर नेण्यासाठी तिचा उपयोग होतो. बाजारात तयार यारी मिळत असली, तरी पोलादी नळ्या कापून व वेल्डिंग करून ती घरच्या कार्यशाळेत बनवण्याची पद्धत अमेरिका व ब्रिटनमधील हौशी कारागिरांत रूढ आहे.

== पार्श्वभूमी ==

अशी यारी शक्य झाली ती त्रिबिंदू जोडणीमुळे. आयरिश अभियंता हॅरी फर्ग्युसन (१८८४–१९६०) याने विकसित केलेली, तेलदाबावर चालणारी ही जोडणी १९३६ च्या फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टरवर आणि १९३९ पासून फोर्ड ९एन या ट्रॅक्टरवर आली. तीत खाली दोन दांडे व वर एक दुवा असतो. १९६० च्या दशकात अमेरिकेत बाग-ट्रॅक्टरांचा प्रसार झाल्यावर त्यांच्यासाठी याच जोडणीची लहान आवृत्ती प्रचारात आली. तिला ‘श्रेणी शून्य’ म्हणतात व तिच्या खिळी सुमारे १६ मिमी व्यासाच्या असतात. ज्या बाग-ट्रॅक्टरांना तेलदाबाची सोय नसते, त्यांवर हातविंच किंवा बाटलीच्या आकाराचा जॅक बसवून काम भागवले जाते.

== रचना ==

यारीचा सांगाडा बाजूने पाहिल्यास त्रिकोणी दिसतो. तळाशी दोन्ही दांड्यांना जोडणारी आडवी पट्टी, तिच्यावर उभा खांब आणि त्यातून मागे-वर जाणारी भुजा असे तिचे भाग असतात. भुजेच्या टोकाला आकडा असतो. खांबाचा वरचा भाग ट्रॅक्टरच्या वरच्या दुव्याला जोडलेला असतो. ओझे मागे लोंबत असल्याने हा दुवा ताणला जातो, आणि तो ताण ओझ्याच्या वजनापेक्षा पुष्कळ अधिक असतो. आकडा खालच्या खिळींपासून १ मी. मागे असेल व वरची खीळ त्यांच्यापेक्षा ०.३५ मी. उंच असेल, तर ८० किग्रॅ. ओझ्यामुळे दुव्यावर सुमारे २३० किग्रॅ. एवढा ताण येतो. खांब बुटका केल्यास तो आणखी वाढतो.

भुजेसाठी बहुधा मृदू पोलादाची चौकोनी नळी घेतात. ५० × ५० मिमी आकाराच्या व ५ मिमी जाडीच्या नळीत वरील ओझ्याने सुमारे ६४ न्यूटन प्रति चौ. मिमी प्रतिबल निर्माण होते. हिसका देऊन ओझे उचलले, तर ते दुपटीपर्यंत जाऊ शकते. तरीही सर्वसाधारण मृदू पोलादाच्या २५० च्या आसपास असलेल्या सहनमर्यादेपेक्षा ते बरेच कमी राहते. नीट वेल्डिंग केलेली भुजा त्यामुळे सहसा मोडत नाही. बनवणाऱ्याचे सारे लक्ष मात्र तिच्यावरच असते आणि खरी मर्यादा ट्रॅक्टरमध्ये दडलेली असते.

== तोलाचे गणित ==

मागील आसाच्या मागे टांगलेले ओझे तरफेप्रमाणे पुढची चाके उचलू पाहते. पुढच्या आसावरील भार किती घटतो, हे ओझ्याला त्याच्या मागील आसापासूनच्या अंतराने गुणून व दोन आसांमधील अंतराने भागून मिळते.

उदाहरणार्थ, चालकासह ४०० किग्रॅ. वजनाच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या आसावर १६० किग्रॅ. भार आहे आणि दोन आसांत १.२ मी. अंतर आहे, असे समजू. आसामागे १.५ मी. अंतरावर ८० किग्रॅ. ओझे टांगले की पुढचा भार १०० किग्रॅ.ने घटतो. यारीचे स्वतःचे वजन, समजा २५ किग्रॅ., ०.८ मी. मागे धरल्यास आणखी १७ किग्रॅ. जातात. पुढे उरतात ४३ किग्रॅ. सुकाणू नीट चालण्यासाठी ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान एक-पंचमांश भार, येथे ८० किग्रॅ., पुढे असावा असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे भुजा जेमतेम अर्धी शक्ती वापरत असताना ट्रॅक्टर वळण्याच्याही लायकीचा राहत नाही. ओझे ११४ किग्रॅ.च्या आसपास गेले की सपाट जमिनीवरही पुढची चाके उचलली जातात. चढावर हे त्याआधीच घडते.

यावर उपाय म्हणून पुढे प्रतिभार लावतात. पुढच्या आसाच्या ०.४ मी. पुढे सुमारे २८ किग्रॅ. वजन टांगल्यास वरील तूट भरून निघते. परंतु मग मागील आसावरचा भार २४० वरून सुमारे ४५३ किग्रॅ.वर जातो, आणि तो सोसण्याइतके बाग-ट्रॅक्टराचे टायर व दंतचक्रपेटी मजबूत असतेच असे नाही. प्रतिभार वाढवत नेऊन ओझे वाढवण्याचा मार्ग येथे खुंटतो. भुजा आखूड करणे हा त्याहून सरस उपाय होय, कारण तिने दोन्ही आसांवरील दुष्परिणाम एकदमच कमी होतात.

== वापरातील धोके ==

उंच आकड्याला साखळी बांधून ओंडका फरफटत ओढणे हा सर्वांत घातक प्रकार समजला जातो. अशा वेळी खेच उंचावरून बसते, ट्रॅक्टर मागच्या चाकांभोवती फिरून उलटतो आणि चालकाला सावरायला वेळ मिळत नाही. पुष्कळ बाग-ट्रॅक्टरांना संरक्षक चौकटही नसते. ओढण्यासाठी आसाच्या पातळीखालील खीळच वापरावी लागते.

लोंबते ओझे वळणावर लंबकासारखे हेलकावते. त्यामुळे ते जमिनीलगत ठेवून व दोरीने सांगाड्याला बांधून हळू नेतात. त्रिबिंदू जोडणीचा उचलक तेलाच्या दाबाने फक्त वर चढतो, खाली येतो तो ओझ्याच्या वजनाने. तेलनळी फुटली तर ओझे कोसळते. म्हणून उचललेल्या इंजिनाखाली हात घालण्यापूर्वी ते मजबूत घोडीवर टेकवले जाते.