व्याख्यानांचीं टांचणें : एक उपेक्षित साधन

विद्यापीठांतील तज्ज्ञांनीं विद्यापीठाबाहेरील लोकांस ज्ञान द्यावें, या उपक्रमाचा आरंभ केंब्रिज विद्यापीठानें इ. स. १८७३ मध्यें केला, असें सामान्यतः लिहिलें जातें. त्या वर्षीं नॉटिंगहॅम, डर्बी व लेस्टर या तीन शहरीं व्याख्यानमाला सुरू झाल्या, हें निर्विवाद आहे. परंतु उपक्रमास मान्यता मिळाल्याचा काळ व त्याची पद्धति सिद्ध झाल्याचा काळ एकच मानणें आम्हांस युक्त वाटत नाहीं.

इ. स. १८६७ च्या शरदृतूंत ट्रिनिटी कॉलेजचा तरुण फेलो जेम्स स्टुअर्ट यानें लीड्स, शेफील्ड, मँचेस्टर व लिव्हरपूल येथें स्त्रियांपुढें ज्योतिःशास्त्राच्या इतिहासावर व्याख्यानें दिलीं. श्रोत्यांच्या सोयीसाठीं त्यानें विषयाचें छापील टांचण वाटलें. तरुण पुरुषानें स्त्रियांस तोंडीं प्रश्न विचारणें तत्कालीन शिष्टाचारास धरून नव्हतें; म्हणून प्रश्न छापून देऊन उत्तरें लेखी मागविलीं. पुढें रॉचडेल येथील कामकऱ्यांच्या सहकारी संस्थेंत एकदां घाईमुळें त्यानें आपल्या आकृत्या भिंतीवरच राहूं दिल्या. आठवडाभर सभासदांनीं त्यांवर चर्चा केली आणि पुढील व्याख्यानापूर्वीं ते शंका घेऊन त्याजकडे आले. व्याख्यानास जोडलेल्या चर्चावर्गाचा उगम हा होय.

रॉचडेलची हकीकत स्टुअर्टच्या उतारवयांतील आठवणींवर आधारलेली आहे, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे. तथापि टांचण, लेखी उत्तरें व चर्चावर्ग हीं तिन्ही अंगें विद्यापीठाच्या योजनेंत पुढें कायम राहिलीं. शिवाय ही योजना हातीं घ्यावी म्हणून विद्यापीठाकडे जे अर्ज गेले, त्यांत उत्तर इंग्लंडांतील स्त्रीशिक्षणमंडळ, क्रू येथील कारागिरांची संस्था व रॉचडेलचे सहकारी यांचे अर्ज होते. अर्थात् ज्ञान देणारा विद्यापीठाचा असला, तरी तें कसें द्यावें हें ठरविण्यांत घेणाऱ्यांचा वांटा मोठा होता. तीन शहरांच्या नांवांपाशीं थांबणारा इतिहास हा वांटा गाळतो.

आपल्याकडे न्यायमूर्ति रानडे यांच्या पुढाकारानें इ. स. १८७५ मध्यें पुण्यास वसंतव्याख्यानमाला सुरू झाली. ती विद्यापीठाची शाखा नव्हे. नागरिकांनीं स्वतः चालविलेलें तें ज्ञानसत्र होय. म्हणून तिला केंब्रिजची नक्कल म्हणूं नये. परंतु साधनांची अडचण दोहींकडे सारखीच. वक्त्याचें नांव व विषय नोंदला जातो. श्रोत्यानें काय विचारलें, काय टिपून घेतलें, हें मात्र सहसा कोठेंच उरत नाहीं.

सनदा, महजर व बखरी यांचे संग्राहक जुन्या दप्तरांतील हस्तपत्रकें, छापील टांचणें व श्रोत्यांच्या टिपणवह्या पुष्कळदां रद्दी म्हणून बाजूस सारतात. आमची त्यांस विनंति आहे कीं, असे कागद टाकून न देतां त्यांवर ठिकाण, तिथि व मूळ मालकाचें घराणें यांची नोंद करून ते जपून ठेवावेत. वक्त्यांचीं चरित्रें लिहिलीं जातात; श्रोत्यांचा इतिहास लिहावयाचा झाल्यास तो या चिटोऱ्यांवरूनच लिहावा लागेल.